सातशे वीस किलोमीटरचे अज्ञान!

गाळलेली जागा भरा : महाराष्ट्राला ... किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. उत्तर ७२०, गुण एक. या एका गुणावर मराठी मुलांच्या पिढ्या भूगोलात तरून गेल्या. वडिलांनी ७२० लिहिले, मुलाने ७२० लिहिले आणि नातवाच्या गाइडातही ७२०च छापून आले. गंमत अशी, की मुंबईचे सरकार मुलांकडून ७२० घोटवून घेत असताना दिल्लीचे गृह मंत्रालय याच किनाऱ्याची लांबी ६५२.६ किलोमीटर म्हणून आपल्या अहवालांत छापत होते. एकाच किनाऱ्याच्या दोन सरकारी मापांत सदुसष्ट किलोमीटरचा फरक! सातबाऱ्यावर सदुसष्ट हात जमीन कमी भरली तर या महाराष्ट्रात भाऊ भावावर कुऱ्हाड उगारतो; इथे सदुसष्ट किलोमीटर किनारा कागदावरून गहाळ होता आणि एकाही वर्गातून एकही हात वर आला नाही.

मग दिल्लीने नव्याने मोजणी केली. महाराष्ट्राचा आकडा ८७७.९७ झाला आणि देशाचा ७,५१६.६ वरून थेट ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. समुद्र काय रातोरात लांबला? मुळीच नाही. जुने माप एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावरचे होते; त्या नकाशावर एका सेंटीमीटरात पंचेचाळीस किलोमीटर बसतात, आणि बाणकोटची, दाभोळची, जयगडची खाडी पेन्सिलीच्या टोकाखाली गडप होते. नवे माप एकास अडीच लाखाचे. पट्टी बारीक झाली, तशी दडलेली वळणे उघडी पडली आणि किनारा लांबला. ‘किनारा किती लांब?’ या प्रश्नाला ‘कशाने मोजला?’ हेच शहाणे उत्तर आहे, आणि थोर गणितज्ञांना भुरळ घालणारी ही गोष्ट सुतळीचा एक तुकडा आणि दोन नकाशे एवढ्या भांडवलावर पाचवीच्या पोरालाही अर्ध्या तासात कळते. पण तो अर्धा तास आमच्या शिक्षण खात्याला कधी सापडला नाही. फार तर आता गाळलेल्या जागेतला आकडा बदलेल. खात्याला उत्तर हवे असते. प्रश्नाचे त्याला वावडे आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडची एक शाळा आमच्या एका सहकाऱ्याने पाहिली. पश्चिमेच्या खिडकीतून समुद्र दिसतो, नुसता दिसत नाही, त्याची गाज वर्गात ऐकू येते, आणि बाके अशी मांडलेली की साऱ्या मुलांची पाठ त्या खिडकीकडे. सातवीच्या वर्गात भरती-ओहोटीचा धडा चालला होता. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी अशी तीन वर्तुळे काढलेली. एका पोराची उत्तरपत्रिका आमच्या सहकाऱ्याने हातात घेतली. प्रश्न : ओहोटी म्हणजे काय? उत्तर : ‘पाणी सुकतीला लागते ती ओहोटी. भांगाला पाणी फार सरत नाही, उधाणाला खडप उघडे पडते.’ त्यावर लाल शाईची तिरकी रेघ आणि शेजारी गोल गरगरीत शून्य. पुस्तकात ‘पाण्याची पातळी खालावणे’ असे शब्द आहेत ना! पोराच्या दोन ओळींत पुस्तकाच्या एका ओळीहून दुप्पट विज्ञान होते. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचे भांग यांतला फरक त्याने कुणी न विचारता सांगून टाकला होता. तो तांडेलाचा मुलगा होता. म्हणूनच नापास झाला.

त्याच्या आज्याला विचारा. घड्याळाकडे न बघता तो भरतीची वेळ सांगेल. आजची तिथी कोणती? अष्टमी. आठाचे पाऊणपट किती? सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पाणी पुरे चढणार, सकाळीही आणि सांजेलाही. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. मुंबईच्या आसपास हा हिशेब थोड्याफार मिनिटांच्या फरकाने बसतो, कारण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग रेंगाळते. ‘पाऊणपट’ या पाच अक्षरांत खगोल आहे, अंकगणित आहे, पोटापाण्याची विद्या आहे. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडून उभे राहणारे डोलीचे जाळे याच हिशेबावर टाकले जाते. मुंबईकर चवीने खातो तो बोंबील याच हिशेबाने जाळ्यात येतो. हे ज्ञान लिहून घ्यावे, तपासावे, कुठे चुकते ते शोधावे, मुलांना शेजारच्या जेटीवर नेऊन पडताळून पाहायला लावावे, असे पुण्याच्या दालनांत बसून अभ्यासक्रम शिजवणाऱ्या एकाही आचाऱ्याला वाटले नाही. उलट त्यांनी त्या आज्याला अडाणी ठरवले आणि नातवाला शून्य दिले.

आम्ही अन्याय करणार नाही. पुस्तकात समुद्र नाही असे आम्ही म्हणत नाही. महासागरांचे महत्त्व आहे, सागरतळाची रचना आहे, सागरी प्रवाहही आहेत. लॅब्राडोरचा प्रवाह थंड आणि गल्फ स्ट्रीमचा उष्ण, हे कोकणातली मुलगी झोपेतही सांगेल. तिच्या घरासमोरून पावसाळ्यात वाहणारे पाणी दक्षिणेकडे का ओढते, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नाही. गुरुजींनाही आम्ही दोष देत नाही. ज्यांना खिचडीचा तांदूळ मोजायचा, मतदार याद्या फिरवायच्या, रोज रात्री मोबाइलवर माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात चार वर्ग एकट्याने सांभाळायचे, त्यांनी मुलांना घेऊन खडपात उतरावे अशी अपेक्षा फक्त खातेच करू शकते. तेही ती करत नाही, हे खरे पाहता गुरुजींचे नशीबच!

आणि खडपात उतरले तर काय नाही? रत्नागिरी गावाला पांढरा समुद्र आहे आणि काळा समुद्रही आहे. एकाच शहराच्या दोन पुळणींची वाळू दोन रंगांची का, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक पोराच्या पायाखाली पसरलेला असतो. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजे असतात. एक लोहचुंबक त्या वाळूतून फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी येते. दहा रुपयांचा लोहचुंबक! मालवणला सिंधुदुर्गाच्या पोटात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड पाण्याच्या तीन विहिरी. चारी बाजूंनी खारे पाणी, मधे गोडे. सहलीला आलेल्या मुलांना मार्गदर्शक सांगतो, ‘हा चमत्कार आहे.’ मुले टाळ्या वाजवतात. खडकात मुरलेले पावसाचे हलके पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगू शकते, हे एका काचेच्या पेल्यात, मीठ आणि चिमूटभर कुंकू घेऊन दाखवता येते. पण चमत्कार म्हटले की शिकवायचे काम संपले. ज्या राजाने १६६४ मध्ये त्या कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली, त्याने जागा हेरताना पाण्याचा विचार नक्कीच केला होता. त्याच्या नावाने उठसूट जयजयकार करणाऱ्यांनी तो विचार तेवढा टाळला.

वेळासला जा. ऑलिव्ह रिडले कासवांची मादी रात्री पुळणीवर येते, खड्डा करते, शंभरावर अंडी घालते आणि मागे न बघता निघून जाते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. एक साधा तापमापक वाळूत खोचला की पृथ्वीच्या तापण्याचा धडा मुलाच्या तळहातावर येतो. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पंखाला क्रमांकाची पट्टी लावलेले एक कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आले. बंगालच्या उपसागरातून थेट गुहागरला! एवढी वार्ता हाती आल्यावर कोणत्याही जिवंत शिक्षण खात्याने त्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत नकाशा पसरून त्या मादीचा मार्ग रेखाटायला लावला असता. आमच्या खात्याने काय केले, हे शोधायला आम्हाला दुर्बीण लागली. काही दिसले नाही.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्राखाली चाळीसएक किलोमीटर लांबीचे पठार आहे. माथ्यावर जिवंत प्रवाळ आहेत. त्याचे नाव आंग्रिया बँक, आपल्या सरखेलांच्या नावावरून. राज्यातल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात कान्होजी आंग्रे पुठ्ठ्याची तलवार घेऊन रंगमंचावर येतात आणि इंग्रजांना पळवून लावतात. त्यांच्या नावाचे अख्खे पठार आपल्याच समुद्रात आहे, हे त्या पुठ्ठ्याच्या कान्होजीला ठाऊक नसते, त्याला मिशी चिकटवणाऱ्या बाईंना ठाऊक नसते आणि पुढच्या रांगेत हार घालून बसलेल्या प्रमुख पाहुण्यांना तर त्याची गरजच वाटत नाही.

अज्ञानाची किंमत मात्र पाहुणे मोजत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कोवळी पोरे-पोरी, दुपारच्या उन्हात खेळायला उतरलेली. अख्खा महाराष्ट्र हळहळला. मग काय झाले? सहलींवर अटींचा पाऊस पडला. हमीपत्रे आली, परवानग्या आल्या, शिक्के आले. मुलांना पाण्याकडे फिरकूच द्यायचे नाही, एवढा एकच उपाय खात्याच्या बुद्धीला सुचला. ओहोटी लागली की पाणी कसे ओढते, लाटा फुटत नाहीत तो शांत दिसणारा पट्टाच अनेकदा आत खेचणारा का असतो, त्यात सापडले तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर कसे पडायचे, या चार गोष्टी राज्यातल्या प्रत्येक मुलाला शिकवा, असे कोणीही म्हणाले नाही. रस्त्यावर अपघात झाला म्हणून कोणी मुलांना रस्ता ओलांडायला शिकवणे बंद करते काय? समुद्राच्या बाबतीत मात्र आम्ही नेमके तेच केले.

मोठ्या मुलांची कथा आणखी चमत्कारिक. पशू व मत्स्य विज्ञानासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र विद्यापीठ काढले. कुठे? नागपुरात! त्याची मत्स्य महाविद्यालये कुठे? नागपुरात आणि लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला! विदर्भातल्या मामा तलावांचे, तिथल्या ढिवर बांधवांचे आणि गोड्या पाण्यातल्या माशांचे शास्त्र शिकवले जावे, याला आमची हरकत नाही. उलट ते पूर्वीच व्हायला हवे होते. पण सात जिल्ह्यांना समुद्र लागून असताना माशांच्या विद्यापीठाची गादी समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर मांडण्यात जी दूरदृष्टी आहे, तिला आमचा दुरूनच नमस्कार. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, ते कोकण कृषी विद्यापीठाचे. म्हणजे समुद्राची विद्या आंबा-काजूच्या ओटीत. ज्याला शेती नव्हे, मासेमारीही नव्हे, निव्वळ समुद्राचे विज्ञान शिकायचे आहे, तो मराठी मुलगा बहुधा बोचके बांधतो आणि गोव्याची, नाहीतर कोचीची वाट धरतो. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाच्या टेकडीवर उभी आहे. १९८१ च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली ती गोव्याहूनच. सावंतवाडीहून हाकेच्या अंतरावर एवढे मोठे दार उघडे असताना त्याच्यापर्यंत पोचण्याची एक पायवाटसुद्धा महाराष्ट्राच्या शाळांनी पाडली नाही.

जे पोचले ते स्वतःच्या पायांनी पोचले. अदिती पंत नागपूरला जन्मल्या, पुण्यात विज्ञानाच्या पदवीधर झाल्या. समुद्राचे वेड त्यांना लागले ते ॲलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाच्या पुस्तकातून. पुढचे शिक्षण हवाईला आणि लंडनला. परत येऊन त्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या आणि १९८३-८४ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. आज त्यांचे नाव स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात ‘पहिली महिला’ या तक्त्यात सापडते. बस्स, एक गुण. त्यांनी समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर आयुष्य घातले, हे त्या तक्त्याला माहीत नाही. नागपूरची मुलगी समुद्रशास्त्रज्ञ झाली ती हवाईला जाऊन, आणि दापोलीची मुलगी? तिची आम्ही अजून वाट पाहतो आहोत.

मुंबईच्या मुलांना निदान काचेमागचा समुद्र तरी होता. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. गिरगावच्या, लालबागच्या, परळच्या चाळींतल्या मुलांनी समुद्री घोडा आणि कासव पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. २०१५ मध्ये त्याचे मोठ्या थाटात नूतनीकरण झाले, काचेचा बोगदा बसवला, फिती कापल्या. पाचच वर्षांत कोरोनाने दारे लावली, ती पुढे इमारतच धोकादायक ठरल्याने लागलेलीच राहिली. बोगद्याला रंग लावताना भिंतींकडे कोणी पाहिले नव्हते काय? त्याच शहरात ओहोटीच्या वेळी हाजीअलीच्या, जुहूच्या खडपांत टॉर्च घेऊन हिंडून समुद्रफुले, ऑक्टोपस, शंखगोगलगाई मोजण्याचे काम हौशी नागरिक पदरमोड करून करत राहिले. खात्याच्या वाट्याचे काम लोकांनी केले, आणि खात्याने लोकांच्या पैशाने फीत कापली.

आता या सरकारांची भाषा ऐका. नील अर्थव्यवस्था! समुद्रयान! २०२१ साली केंद्राने ४,०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर केली. तीन माणसे सहा हजार मीटर खोल उतरणार. उतरावीतच, आम्हाला अभिमानच वाटेल. पालघरच्या वाढवणला ७६,२२० कोटींचे बंदर, त्यासाठी समुद्रात साडेचौदाशे हेक्टरांच्या आसपास भराव. व्यासपीठांवरून ‘सागरी महासत्ता’ हा शब्द असा गडगडतो की खालच्या मांडवातले कोळी बांधव बिचारे कानांवर हात ठेवतात. सहा हजार मीटर खोल जाऊ पाहणाऱ्यांना आम्ही विचारतो : गुडघाभर पाण्यात मुलांना कधी नेले? अरबी समुद्रातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे जलपूजन २०१६ मध्ये झाले, समुद्राने ते पाणी कधीच पिऊन टाकले. मालवणला राजकोटावर छत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदलदिनी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कारण काय सांगितले? ताशी ४५ किलोमीटर वेगाचा वारा! श्रावणातला कोकणचा वारा ज्यांना अनपेक्षित वाटला, खारी हवा लोखंडाला आठ महिन्यांत काय करते हे ज्यांच्या गावी नव्हते, त्यांनी मालवणच्या कोणत्याही सातवीतल्या पोराला विचारायचे होते. त्याच्या घराच्या खिडकीचे गज दर दिवाळीला रंगवावे लागतात. राजांची मूर्ती जमिनीवर आडवी पडली ती वाऱ्याने नव्हे, तुमच्या अज्ञानाने पडली.

मालवणच्या त्या पोराची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हाला पुढे जाववत नाही. पुण्या-मुंबईचे पर्यटक प्रवाळ पाहायला बुड्या मारतात, पाण्याखाली फोटो काढतात. तो बोटीवर पाठीची नळकांडी उचलून देतो. सगळे त्यांना ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतात. त्यांत ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन खोल उतरले तर तो जिवावर बेततो. रोज वीस टाक्या वाहणाऱ्या पोराला हे कोणत्याही शाळेने सांगितले नाही. आपल्याच समुद्रात त्याची नेमणूक हमालाच्या जागी झाली आहे.

हे सारे निष्काळजीपणाने होते, असे मानणारे भोळे लोक असतील. आम्ही त्यांच्यातले नाही. निष्काळजीपणा कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. पाऊणशे वर्षे एकाच बाजूला झुकलेल्या निष्काळजीपणाला आमच्या भाषेत दुसरे नाव आहे. १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना आली आणि भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या जमिनीवर कायद्याची नजर बसली. त्या दिवसापासून ‘भरतीचे पाणी कुठपर्यंत येते?’ हा प्रश्न भूगोलाचा राहिला नाही, तो जमिनीच्या भावाचा झाला. रेषा वीस मीटर समुद्राकडे सरकली की कोणाचे तरी रिसॉर्ट उठते. जमिनीकडे सरकली की कोणाचा तरी बंगला बेकायदा ठरतो. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा दोनशे मीटरचा बांधकामबंदी पट्टा पन्नास मीटरवर आणला, तेव्हा तर एकेका मीटरला सोन्याची किंमत आली. अशा वेळी किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेतली सातवीची मुले पुळणीवर काठ्या रोवून, दर अमावस्या-पौर्णिमेला पाणी कुठवर चढले याची वही वर्षभर ठेवू लागली तर? तिवर कोणते, कांदळ कोणते, चिपी कोणती हे ओळखू लागली, आणि रात्री कांदळवनात राडारोडा ओतून जाणाऱ्या डंपरचा नंबर त्याच वहीत टिपू लागली तर? २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची कत्तल म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला असे बजावले. त्या निकालाची प्रत वर्गात वाचून दाखवली गेली तर? जनसुनावणीला आलेल्या जाडजूड इंग्रजी अहवालाचा नियमाप्रमाणे मराठीत मिळणारा त्रोटक सारांश हातात घेऊन एखादी मच्छीमाराची मुलगी उभी राहिली आणि तिने ‘हे प्रवाहाचे मोजमाप पावसाळ्यातले की उन्हाळ्यातले?’ असे विचारले तर?

एवढ्यासाठी तिला ७२० पाठ करायला लावले आहे. सर्वांनी मिळून कट केला असे आम्ही म्हणत नाही. कट करायला अक्कल लागते. पण ज्या अज्ञानातून कंत्राटदाराला भराव मिळतो, बिल्डरला रेषा मिळते, पुढाऱ्याला व्यासपीठ मिळते आणि अधिकाऱ्याला शांत झोप मिळते, ते अज्ञान कोणीही हटवायला जात नाही, एवढे कळायला आमच्या वाचकांना कटाचा पुरावा लागत नाही. घरात चोरी होते आणि कुत्रा भुंकत नाही, तेव्हा चोर ओळखीचा असतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. शिक्षण खाते भुंकलेले नाही.

कोणी म्हणेल, नव्या धोरणात अनुभवातून शिक्षण आहे, दप्तराविना दिवस आहेत, स्थानिक ज्ञानाचा आदर आहे. आहे ना! कागदावर सारे आहे. कागदावर तर किनाराही ८७७.९७ किलोमीटर आहे. गुहागरच्या शाळेतले मूल मात्र किनाऱ्यापासून तीनशे पावलांवर बसून लॅब्राडोरचा थंड प्रवाह घोकते आहे आणि चुकून स्वतःच्या समुद्राचा शब्द लिहिला तर शून्य घेते आहे. आम्ही आयोग मागत नाही, अभ्यासगट मागत नाही, निधीही मागत नाही. एक तापमापक, एक लोहचुंबक, एक सुतळी, एक काठी आणि बाके उलटी फिरवण्याची परवानगी, एवढेच द्यायचे आहे. त्याला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. द्यायचे नाही, म्हणूनच दिले जात नाही.

येत्या नारळी पौर्णिमेला नेहमीप्रमाणे मंत्रिमहोदय येतील. सोन्याचा मुलामा दिलेला नारळ येईल, बँड येईल, कॅमेरे येतील, दर्याराजाला साकडे घातले जाईल. आमचे एवढेच म्हणणे आहे : येताना आपल्या खात्याचा भरतीरेषेचा नकाशा बरोबर आणा, त्यावरची रेषा पुळणीवर चुन्याने आखा आणि मान्यवरांच्या खुर्च्या नेमक्या त्या रेषेवर मांडा. पौर्णिमेचे पाणी बाराच्या सुमारास भरते. तोवर भाषणे चालू द्या. शेजारी सातवीतली एक मुलगी आपली काठी रोवून उभी असेल. पाणी कुठपर्यंत येते ते तिला ठाऊक आहे, पण तुम्ही विचारल्याशिवाय ती सांगणार नाही, तशी सवय तुम्हीच तिला लावली आहे. चपला मात्र हातात धरून बसा.